माधुकरी, वसतिगृहे आणि साताऱ्याचे शाहू बोर्डिंग

महाराष्ट्रातील शिक्षणप्रसाराचा इतिहास लिहावयास बसलेला लेखक सामान्यतः शाळांची मोजदाद करतो. अमुक साली अमुक गावी इंग्रजी शाळा निघाली, अमुक साली विश्वविद्यालय स्थापन झाले, पदवीधरांची संख्या इतकी वाढली, अशा नोंदींनी त्याची पाने भरतात. ह्या नोंदी आवश्यक आहेत ह्यात शंका नाही. परंतु त्या वाचताना एक साधा प्रश्न आमच्या मनात वारंवार येतो, आणि त्याचे उत्तर ह्या ग्रंथांत सहसा मिळत नाही. ज्या मुलाचे गाव शाळेपासून दहा-वीस कोस दूर होते आणि ज्याच्या बापाच्या गाठीस काही नव्हते, तो मुलगा शाळेच्या गावी येऊन राहिला कोठे आणि जेवला कोणाकडे? फी माफ होऊ शकते, पुस्तके उसनी मिळू शकतात. पण रात्रीचे अंथरूण आणि दोन वेळची भाकरी ह्यांची तजवीज झाल्यावाचून शाळेचे उघडे दार गरिबाच्या मुलाला बंद असल्यासारखेच असते. सातारच्या शाहू बोर्डिंगाचा इतिहास आम्हांस महत्त्वाचा वाटतो तो ह्या दृष्टीने.

आपल्या समाजाने ह्या प्रश्नाला दिलेले जुने उत्तर म्हणजे माधुकरी आणि वार. पंचा नेसून, हाती झोळी घेऊन विद्यार्थ्याने चार घरी जावे, 'भवति भिक्षां देहि' म्हणावे आणि जे मिळेल त्यावर निर्वाह करावा, ही माधुकरी. आठवड्याच्या एकेका वारी एकेका घरी जेवावयाचे ठरवून घ्यावे, हे वार लावून जेवणे. ह्या प्रथेची थट्टा करणे सोपे आहे. पण तिने शेकडो निर्धन मुलांना शास्त्री, वकील आणि प्रोफेसर होऊ दिले, ही गोष्ट नाकारता येत नाही. गृहिणीने वाढलेल्या त्या भाताच्या मुदीत विद्येविषयी खरा आदर होता. तथापि ह्या प्रथेला एक कुंपण होते, आणि ते इतके जुने होते की आतल्या माणसास ते कुंपण आहे असे वाटतच नसे. माधुकरी मागावयाची ती ब्राह्मणाच्या मुलाने, आणि वार लागावयाचे तेही त्याचेच. कुणब्याच्या, धनगराच्या, मुसलमानाच्या मुलाला हाक मारावयास तसे घर नव्हते. महारामांगाच्या मुलाची तर वाड्याच्या उंबऱ्यापर्यंत जाण्याचीही सोय नव्हती.

म्हणजे सरकारी शाळा नियमाने सर्वांना खुली झाली तरी तीत टिकून राहण्याची सोय एका लहानशा वर्गापुरतीच राहिली. जोतीराव फुले ह्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन केले, त्यात सरकारचा महसूल मुख्यतः रयतेच्या श्रमांतून येत असता शिक्षणावरील खर्चाचा लाभ मात्र वरच्या वर्गांस होतो, अशी त्यांची तक्रार होती. त्या तक्रारीचे मूळ शोधू गेल्यास जातिभेद, दारिद्र्य, सरकारचे धोरण अशी अनेक कारणे सापडतात. पण खेड्यातून शहरात शिकावयास आलेल्या बहुजनांच्या मुलाला जेवणाचे ठिकाण नव्हते, हे कारण त्यांत क्षुल्लक समजू नये.

ह्या कारणाचा प्रथम नीट विचार केला तो कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींनी. १८९४ साली राज्यकारभार हाती आल्यावर दोन वर्षांतच त्यांनी राजाराम कॉलेजास जोडून सर्व जातींच्या विद्यार्थ्यांसाठी एक वसतिगृह चालविण्याचा प्रयोग केला. प्रयोगाचा हेतू उदार होता, पण व्यवहारात तेथे ब्राह्मण विद्यार्थीच राहू लागले आणि इतरांना त्याचा लाभ मिळेना. त्या अनुभवावरून महाराजांनी मार्ग बदलला. १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले. पुढे जैन, मुसलमान, लिंगायत इत्यादि समाजांची वसतिगृहे एकामागून एक उभी राहिली. १९०८ साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह स्थापन झाले. मुंबईचे तेव्हाचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क ह्यांच्या कन्येचे नाव त्याला दिले होते. कोल्हापूर हे वसतिगृहांचे गाव झाले, आणि दक्षिण महाराष्ट्रातील सुशिक्षितांची एक पिढी ह्या वसतिगृहांच्या पंक्तींतून वर आली.

परंतु ह्या योजनेतही एक उणीव होती, आणि ती महाराजांच्या ध्यानी नसेल असे आम्हांस वाटत नाही. प्रत्येक जातीला आपले घर मिळाले. पण ती घरे एकमेकांपासून अलग राहिली. गावात जशी आळी वेगळी, तशी विद्यार्थ्यांची पंगतही वेगळी. तत्कालीन समाजाची मनःस्थिती पाहता दुसरा मार्ग नव्हता, असे कोणी म्हणेल तर त्यात तथ्य आहे. भुकेचा प्रश्न आधी सोडवावा आणि सोवळ्याचा नंतर पाहावा, असा तो व्यवहार होता.

ह्याच कोल्हापुरात, दिगंबर जैन बोर्डिंगात, भाऊराव पायगौंडा पाटील नावाचा एक विद्यार्थी राहत होता. त्याचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कुंभोज येथे झाला. अंगाने धिप्पाड, स्वभावाने हट्टी, आणि पुस्तकापेक्षा कुस्तीकडे अधिक ओढा असलेला हा मुलगा. मिस क्लार्क वसतिगृहाच्या उद्घाटनास तो हजर राहिला. तेथून परतल्यावर त्याने स्नान करून शुद्ध व्हावे व मगच भोजनगृहात यावे, असे बोर्डिंगाच्या चालकांचे म्हणणे पडले. त्याने स्नान करण्याचे साफ नाकारले, आणि त्याला बोर्डिंग सोडावे लागले. प्रसंग दिसावयास लहान आहे; परंतु सातारच्या बोर्डिंगाचे बीज आम्हांस त्यात दिसते. अस्पृश्याच्या घराचा उत्सव साजरा करून आलेल्या मुलाला आपल्या घरच्या पंक्तीत जागा नाही, हा जातवार वसतिगृहांतील विरोध त्या दिवशी एका तरुणाला स्वतःच्या अनुभवाने कळला.

भाऊरावांचे शिक्षण इंग्रजी सहावीच्या पुढे गेले नाही. पुढे साताऱ्यात त्यांनी खाजगी शिकवण्या केल्या आणि लोक त्यांना 'पाटील मास्तर' म्हणू लागले. नंतर त्यांनी ओगल्यांच्या काचकारखान्याचा आणि किर्लोस्करांच्या नांगरांचा माल खपविण्याचे काम पत्करले. ह्या फिरतीने त्यांना जे शिकविले ते कोणत्याही विश्वविद्यालयात मिळाले नसते. नांगर घेणारा शेतकरी कसा राहतो, कर्जाच्या कागदावर अंगठा कसा उठवितो, आणि त्याचा हुशार मुलगा गुरांमागे का जातो, हे त्यांनी गावोगाव पाहिले. सत्यशोधक समाजाच्या विचारांचा संस्कार त्यांच्यावर होताच. १९१० साली दुधगाव येथे मित्रांच्या साह्याने त्यांनी विद्यार्थ्यांच्या आश्रमाचा पहिला प्रयोग केला. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातील काले ह्या गावी सत्यशोधकांच्या परिषदेत रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. तेथे व नंतर नेर्ले येथे लहान वसतिगृहे चालली, आणि १९२४ साली संस्थेचे ठाणे साताऱ्यास आले. त्याच वर्षी तेथे जे बोर्डिंग निघाले तेच पुढे श्रीछत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस ह्या नावाने प्रसिद्ध झाले. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे नामकरण झाले. ज्यांच्या राजधानीतील एका वसतिगृहातून भाऊरावांना निघावे लागले होते, त्या शाहू महाराजांचेच नाव त्यांनी आपल्या बोर्डिंगास दिले, ह्यात त्यांची कृतज्ञता दिसते, आणि महाराजांचे अपुरे काम पुढे नेण्याचा निर्धारही दिसतो.

ह्या बोर्डिंगाचे विशेष दोन होते. पहिला हा की मराठे, महार, मांग, जैन, मुसलमान अशा निरनिराळ्या जातींची मुले एकाच छपराखाली राहत, एकाच चुलीवरचे अन्न खात आणि एकाच पंक्तीस बसत. आज हे वाक्य लिहिताना लेखणी अडत नाही. परंतु १९२४ सालचा सातारा ज्यांनी ऐकून तरी जाणला आहे त्यांना त्यातील धाडस समजेल. मुलांना बोर्डिंगात पाठविणाऱ्या आईबापांना गावकीची आणि जातपंचांची भीती होती. साताऱ्यातही टीका झाली. भाऊरावांनी ह्या विषयावर व्याख्याने पुष्कळ दिली असतील, पण आमच्या मते पंक्तीने जे काम केले ते व्याख्यानांनी झाले नसते. बारा वर्षांचा मुलगा ज्याच्याशेजारी रोज जेवतो, ज्याच्यासह दळतो व भांडी घासतो, त्याचा विटाळ मानण्यास त्याला पुढे मुद्दाम शिकावे लागेल. आणि विशीपंचविशीत तसे शिकणे कठीण जाते.

दुसरा विशेष श्रमाचा. स्वयंपाक, दळण, झाडलोट ही कामे मुलेच करीत. संस्थेच्या जमिनीत ती खणत, भाजीपाला पिकवीत, इमारतींसाठी दगडमाती वाहत. जे अन्न ती खात त्याचा काही भाग त्यांच्याच हातचा असे. बाकीचा भाग लोकांकडून येई. त्यासाठी भाऊरावांनी मूठफंडाची रीत चालविली: घरधनिणीने दळण काढताना एक मूठ धान्य बोर्डिंगासाठी बाजूस ठेवावे. दाढीवाला, अनवाणी, जाड खादी ल्यालेला हा मनुष्य खेड्यापाड्यांतून अशा मुठी गोळा करीत हिंडला. वाचकांच्या ध्यानी येईल की ही मूठ म्हणजे माधुकरीचेच एक रूपांतर होते. पण दोहोंत अंतर मोठे होते. माधुकरीत विद्यार्थी दारी उभा राहतो आणि दाता त्याची जात पाहून वाढतो. मूठफंडात विद्यार्थी दारी येतच नाही. त्याची मूठ कोणत्या जातीच्या मुलाच्या पोटात जाईल हे दात्याला ठाऊक नसते, आणि ते ठाऊक नसणे त्याला पत्करावे लागते.

ह्या कथेत लक्ष्मीबाई पाटील ह्यांचा उल्लेख न करणे हा अन्याय होईल. सोवळ्याओवळ्याच्या संस्कारात वाढलेल्या ह्या बाईंनी पतीच्या मागून ह्या घरात पाऊल टाकले, आणि हळूहळू त्या सर्व जातींच्या मुलांच्या आई झाल्या. कोठीत दाणा नसे तेव्हा त्यांचे दागिने एकेक करून गेले, आणि शेवटी मंगळसूत्रही मुलांच्या जेवणासाठी खर्ची पडले. १९३० साली त्या वारल्या. संस्थांच्या इतिहासात संस्थापकांची नावे शिलेवर कोरली जातात आणि चूल सांभाळणारीचे नाव तळटीपेत जाते. शाहू बोर्डिंगापुरते तरी असे म्हणणे भाग आहे की, चूल हाच जेथे मुख्य सिद्धांत होता तेथे ती सांभाळणारी बाई संस्थापकांतच गणली पाहिजे.

आता एका आक्षेपाचा विचार करू, कारण तो आमच्यासारख्या वर्गात शिकविणाऱ्यांच्या तोंडी नेहमी येतो. श्रीमंताचा मुलगा सायंकाळी दिव्यापाशी बसून वाचतो. गरिबाच्या मुलाने मात्र त्या वेळी कुदळ धरावी, ही कोणती समता? ज्याला आधीच वेळ कमी, त्याचाच वेळ आणखी घ्यावयाचा, आणि त्याला स्वावलंबन असे गोड नाव द्यावयाचे? आक्षेपात सत्य आहे. थकलेल्या देहाला व्याकरण आणि बीजगणित जड जाते, हे आम्ही जाणतो. श्रमाचा नियम केवळ गरिबांनाच लावला आणि सधनांना त्यातून सोडले, तर तो नियम राहत नाही, शिक्षा होते.

परंतु त्या काळी ह्या मुलांपुढे खरोखर कोणते पर्याय होते हे पाहावयास हवे. एक पर्याय गावी परत जाण्याचा. तेथेही कुदळच होती, पुस्तक नव्हते. दुसरा पर्याय कोणा धनिकाच्या दानावर राहण्याचा. तेथे पुस्तक होते, पण दात्याची मर्जी सांभाळावी लागे. भाऊरावांनी तिसरा पर्याय दिला, त्यात मुलाला असे म्हणता येई की हे अन्न मी मिळविले आहे. हा भाव मनात धरून शिकलेला मनुष्य आणि उपकाराच्या ओझ्याखाली शिकलेला मनुष्य ह्यांच्या पुढील आयुष्यात फरक पडतो. शिवाय एक गोष्ट आणखी आहे. आपल्याकडे विद्या आणि हाताचे काम ह्यांची फारकत फार जुनी आहे. शेतकऱ्याचा मुलगा शिकला की नांगराला हात लावीनासा होतो, ही खेड्यातील तक्रार खोटी नव्हती. शिक्षणाने बापापासून मुलगा तुटू नये, ही काळजी ह्या श्रमाच्या नियमामागे होती असे आम्हांस वाटते. हिशेब मांडता आम्ही इतकेच म्हणू की अभ्यासाचा काही वेळ गेला हे खरे, आणि त्या वेळाची मिळालेली किंमत तोट्याची नव्हती हेही खरे.

बोर्डिंगाच्या वाढीचा क्रम मोठा उद्बोधक आहे. इतरत्र आधी शाळा निघते आणि मग तिला वसतिगृह जोडले जाते. येथे वसतिगृह आधी आले आणि शाळा मागून आल्या. १९३२ साली पुणे कराराच्या स्मरणार्थ पुण्यात युनियन बोर्डिंग हाऊस निघाले. खेड्यांतील शाळांना शिक्षक हवेत म्हणून १९३५ साली साताऱ्यात अध्यापक विद्यालय निघाले. १९४० साली महाराजा सयाजीराव ह्यांच्या नावाचे विनामूल्य व निवासी हायस्कूल सुरू झाले, आणि १९४७ साली, स्वातंत्र्याच्याच वर्षी, छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले. त्यातही काम करून शिकण्याची सोय होती. ह्या क्रमाचा अर्थ असा की संस्थेने आधी मुलाला आसरा दिला, आणि तो मुलगा जसजसा वाढला तसतशी त्याच्यासाठी पुढची पायरी बांधली. बोर्डिंगात वाढलेले पी. जी. पाटील पुढे विलायतेस जाऊन बॅरिस्टर झाले, परत येऊन ह्याच संस्थेत अध्यापन करू लागले आणि कालांतराने शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. अशा उदाहरणांची नामावळी देण्याचा आमचा विचार नाही. ज्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत, असे प्राथमिक शिक्षक ह्या बोर्डिंगाने खेडोपाडी पाठविले, ते काम आम्ही अधिक मोठे मानतो.

स्वावलंबनाचे ब्रीद ज्या संस्थेने मिरविले तिची खरी परीक्षा १९४८ साली झाली. गांधीजींच्या हत्येनंतर भाऊरावांनी केलेल्या एका भाषणावरून मुंबई सरकारचा रोष झाला आणि संस्थेचे अनुदान बंद करण्यात आले. तोवर संस्थेच्या शाळांचे जाळे दूरवर पसरले होते, आणि शिक्षकांचे पगार कसे द्यावयाचे हा प्रश्न उभा राहिला. त्या संकटात माघार घेण्याऐवजी गांधीजींच्या नावाने १०१ हायस्कुले काढण्याचा संकल्प भाऊरावांनी जाहीर केला. खेड्यांतील लोक मदतीस धावले, शिक्षकांनी ओढग्रस्तीत दिवस काढले, आणि पुढे काही काळाने अनुदान पुन्हा सुरू झाले. ज्या रयतेच्या पैशातून रयतेची मुले शिकत नाहीत अशी तक्रार जोतीरावांनी केली होती, त्याच रयतेने सरकारचा हात आखडला तेव्हा आपल्या शाळा आपल्या खांद्यावर तोलून धरल्या. १८८२ पासून १९४८ पर्यंतच्या वाटचालीचे माप आम्हांस ह्या गोष्टीत सापडते.

९ मे १९५९ रोजी भाऊराव निवर्तले. त्याच वर्षी सरकारने त्यांना पद्मभूषण दिले होते आणि पुणे विद्यापीठाने डी. लिट्. दिली होती, स्वतः मॅट्रिक न झालेल्या मनुष्याचा हा गौरव विद्यापीठालाही शोभून दिसला. संस्थेच्या शाखा आज सातशेहून अधिक आहेत. 'कमवा आणि शिका' हे शब्द महाराष्ट्रातील अनेक महाविद्यालयांच्या योजनांत रूढ झाले आहेत. सरकारी वसतिगृहे आणि शिष्यवृत्त्याही वाढल्या आहेत. शाळेत शिकविण्याबरोबर जेवूही घातले पाहिजे, हे तत्त्व १९९५ साली देशाने दुपारच्या भोजनाची योजना सुरू करून मान्य केले, आणि २००९ साली सहा ते चौदा वर्षांच्या मुलामुलींना विनामूल्य शिक्षणाचा हक्क कायद्याने मिळाला.

असे असता हा जुना इतिहास उगाळण्याचे प्रयोजन काय, असे कोणी विचारील. प्रयोजन हे की प्रश्न पुरता सुटलेला नाही. बीडकडील कुटुंबे ऊसतोडणीस बाहेर पडतात तेव्हा शाळा गावी राहते आणि मूल फडावर जाते. डोंगरातील पाड्यावरच्या मुलीला प्राथमिक शाळेनंतर तालुक्याच्या गावी राहावे लागते. तेथे राहण्याची विश्वासाची जागा नसेल तर तिचे शिक्षण तेथेच थांबते. ह्या मुलांच्या बाबतीत फीमाफीचा कायदा अर्धेच काम करतो. उरलेले अर्धे काम अंथरुणाचे आणि भाकरीचे आहे, आणि ते कोणाच्या तरी चुलीपाशी व्हावयाचे असते. त्यासाठी वसतिगृहे निघतील तेव्हा ती पुन्हा जातवार निघू नयेत, आणि त्यांत राहणाऱ्या मुलांना आपण कोणाच्या उपकाराने जगतो असे वाटू नये, इतकी दक्षता घेतली तरी शाहू बोर्डिंगाचा धडा आपण विसरलो नाही असे म्हणता येईल. ज्या घरांतून पूर्वी वार लागत असत, त्या घरांच्या आजच्या वारसदारांनी, म्हणजे आम्ही व आमच्या बहुतेक वाचकांनी, त्या कामी आपली मूठ बाजूस काढून ठेवावी, अशी आमची विनंती आहे.